त्रेचाळीस बांबूंची यादी

हे मी लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात अर्जापेक्षा लांब काही कुणी लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. मराठीत मला कधी फार गुण पडले नाहीत. तेव्हा शब्दांत काही कमी-जास्त झालं तर आधीच माफी मागतो. पण इनास सरांच्या नावावर आमच्या कंपनीत एक चूक लिहिली गेली. ती त्यांची नव्हती. ती कुणाची होती हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका इमारतीत खाली प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि वर आमचं सॉफ्टवेअर बनायचं. दोन हजार चार-पाचचा सुमार. मी सकाळी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि दुपारपासून तिथे शिकाऊ प्रोग्रामर. पहिल्याच आठवड्यात मी एका फाईलमधला एक आकडा बदलला. तिथे १.४.२ लिहिलं होतं, इंटरनेटवर १.४.३ आलेलं दिसलं. मला वाटलं, कंपनीचं भलं होईल. पाच मिनिटांत पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. रागावलेले वाटले नाहीत.

"नरेश ना तू? फेब्रुवारी किती दिवसांचा असतो?"

मी अठ्ठावीस म्हणालो. मग घाबरून एकोणतीससुद्धा म्हणालो.

"तू आणलेल्या आवृत्तीत तीस दिवसांचा आहे," ते म्हणाले. "आपले ग्राहक तीस फेब्रुवारीला माल रवाना करतील. पोचेल कधी, ते विचार तिला."

हे इनास सर. वसईजवळच्या पापडी गावचे. घरची केळीची वाडी होती, पण त्यांचं आयुष्य गेलं मुंबईतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. कुठला नट कुठल्या फळीवर, तो कधी आला, कुणी नेला, याची कार्डं लिहिण्यात. कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी ते वसईत मुलांच्या बरोबरीने संगणकाच्या वर्गाला बसले. आमच्या कंपनीत ते प्रोग्राम फारसे लिहीत नसत. त्यांच्याकडे एक यादी होती.

या यादीबद्दल थोडं सांगावं लागेल. आमची कंपनी 'मांडव' नावाचं एक फ्रेमवर्क बनवायची, म्हणजे तयार सांगाडा. गोडाऊन असो, पतपेढी असो की शाळा, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर याच सांगाड्यावर उभं राहायचं. पण सांगाडा सगळा आमचा नव्हता. तारखा मोजणं, छपाई करणं, यादी अक्षरानुसार लावणं, अशी कामं करणारे तयार तुकडे जगातल्या कुणीकुणी लिहून ठेवलेले असतात, ते आम्ही घेतलेले. त्यांना लायब्ररी म्हणतात. अशा त्रेचाळीस होत्या. त्या लिहिणारे लोक आपापल्या सवडीने नव्या आवृत्त्या काढत राहतात, आणि नव्या आवृत्तीत काय मोडेल हे त्यांनाही माहीत नसतं. म्हणून आमच्या सामायिक कोठीत, म्हणजे जिथे फ्रेमवर्कचा सगळा मजकूर ठेवलेला असे तिथे, एक फाईल होती. लायब्ररीचं नाव, तिची नेमकी कुठली आवृत्ती वापरायची तो आकडा, आकडा ठरवणाऱ्याचं नाव आणि कारण. "मांडव आपला आहे, बांबू भाड्याचे आहेत," सर म्हणायचे. "कुठला बांबू कुठून आला आणि तोच का, हे लिहिलेलं पाहिजे. नाहीतर मांडव पडल्यावर सगळे वऱ्हाडाकडे बघत बसतील."

आकडा बदलायचा असला तर सरांच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून कारण सांगावं लागे. आमच्याकडे चाचणीचं काम करणाऱ्या सुनंदाताई होत्या, मूळच्या साताऱ्याच्या, राहायला गोखिवऱ्यातच. त्या स्टुलाला त्या 'कुमसाराचं स्टूल' म्हणत. कुमसार म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे पापांची कबुली देणं. हा शब्द सरांनीच त्यांना शिकवला होता आणि मग पस्तावले होते. स्टुलावर बसलेल्या माणसाने "नवीन आहे म्हणून" असं कारण दिलं की सर पेनचं टोपण लावत. "हे कारण नाही. ही जाहिरात आहे."

यादीतली कारणं मी फावल्या वेळात वाचत असे. मला ती अभ्यासाच्या पुस्तकापेक्षा जास्त समजायची. छपाईच्या लायब्ररीपुढे लिहिलेलं: 'याच्या पुढच्या आवृत्तीत ळ च्या जागी चौकोन येतो. केळी विकणाऱ्या तालुक्यात हे परवडणार नाही.' एका ठिकाणी फक्त एवढंच: 'कारण माहीत नाही. बदललं, पडलं, परत ठेवलं.' आणि एका ठिकाणी, जिथे सरांनी एक चांगली दुरुस्ती तीन आठवडे आत येऊ दिली नव्हती आणि एका पतपेढीला त्याचा त्रास झाला होता, तिथे: 'उशीर झाला. कारण: माझा हट्ट. इनास.'

हट्ट होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसच्या चहाची पावडर बदलली तेव्हा सरांनी कुणी बदलली आणि का, याची चौकशी केली होती. नवी फिरती खुर्ची आली ती चार महिने त्यांच्या टेबलाशेजारी रिकामी उभी होती. ते म्हणत, तिचं वागणं बघतोय. स्कूटरच्या डिकीत एक कागद होता, त्यावर कुठला भाग कधी बदलला ते लिहिलेलं. सुनंदाताईंनी एकदा विचारलं, "सर, तुमच्या लग्नाची कितवी आवृत्ती चालू आहे?" सर म्हणाले, "पहिलीच. नवीन आलेली दिसते कधीकधी, पण हिचे दोष मला पाठ आहेत."

घरी मी बाबांना माझं काम समजावून सांगितलं. ते मिठागरात कामाला आहेत. ऐकून म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याचा सामान सांभालतोस. सांभाल. पानी लागू देऊ नको." इतक्या थोडक्यात ते मला कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

मग आमचे मालक प्रधान साहेब मुंबईत एका हॉटेलात दोन दिवसांच्या परिसंवादाला जाऊन आले. जाताना साधे गेले होते. येताना त्यांना 'लेटेस्ट' हा शब्द लागला होता. सोमवारी आल्याआल्या त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं की जग दररोज बदलतं आणि आपण मात्र १.४.२ वर अडकलो आहोत. त्या आठवड्यात भिंतीवर फलक आला: 'सदैव अद्ययावत.' बादल्यांच्या कारखान्यातली माणसं जिन्यावरून तो वाचत आणि आम्हाला जरा मान देऊ लागली.

नूतनता समिती स्थापन झाली. सभासद पाच, म्हणजे ऑफिसातले जवळपास सगळेच. पहिल्या सभेचा ठराव असा की फ्रेमवर्कमध्ये कुठल्याही लायब्ररीचा आकडा बांधून ठेवू नये. आकड्याच्या जागी 'लेटेस्ट' असा शब्द लिहावा, म्हणजे यंत्र रोज सकाळी आपण होऊन सगळ्यांत नवी आवृत्ती आणेल. या सभेच्या इतिवृत्तात तीनदा दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे चुकीचं इतिवृत्त कुणी वाचू नये म्हणून त्यावर ठळक अक्षरांत 'आवृत्ती १.३' असं छापलं. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, हे इतिवृत्त आहे तेच ठेवायचं की रोज सकाळी नवं आणायचं. प्रधान साहेबांना तो विनोद वाटला नाही. खरं तर मलाही त्या वेळी वाटला नव्हता. माझी त्या समितीत नुकतीच नेमणूक झाली होती आणि मी घरी तसं सांगितलं होतं.

माझ्या पहिल्या आठवड्यातल्या उद्योगानंतर यादी फक्त सरांच्या टेबलावरून बदलता येई. एके दिवशी दुपारी साहेब मला घेऊन तिथे गेले. जाताना वाटेत, इतर काही बोलतात तसं म्हणाले, "नरेश, तुला कायम करण्याचं पत्र तयार आहे. सही तेवढी राहिलीय. हे काम तूच कर, तरुण हाताने झालेलं बरं." साहेबांनी सरांकडे पासवर्ड मागितला. सरांनी तो स्वतः टाकला, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कारण काय लिहिणार?"

मी म्हणालो, सर, कारणाचा रकानाच काढायचाय. तो गोंधळ दिसतो, असं ठरलंय.

"बरं," ते म्हणाले. "मी चहाला जाऊन येतो."

ते उठून गेले. साहेबही गेले. मी सरांच्या खुर्चीत बसलो. त्रेचाळीस आकडे खोडून त्रेचाळीस वेळा 'लेटेस्ट' लिहायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. कारणं पुसायला तितकाही वेळ लागला नाही. रकाना निवडायचा आणि एक बटण दाबायचं. मी दाबलं. सहा वर्षांची कारणं होती. सर परत आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचे दोन ग्लास होते. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी तो कसा प्यायलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, जुना मजकूर कोठीत राहतोच, तो परत काढता येतो. राहतो. पण समितीच्या दुसऱ्या सभेत 'जुनं ओझं नव्या घरात आणू नये' असा ठराव झाला. नवी कोठी कोरी उघडली, आणि जुनी जिच्यावर होती ती डिस्क पुसून दाराशी बसणाऱ्या मुलीच्या संगणकात बसवली. त्यावर ती पत्ते खेळायची. सरांना 'ज्येष्ठ सल्लागार' केलं आणि त्यांचं टेबल पाण्याच्या फिल्टरजवळ हलवलं. महिनाभर ते तिथे बसले. पाणी प्यायला येणाऱ्या कुणीही सल्ला मागितला नाही. मग त्यांनी यायचं बंद केलं. पगारपत्रकावर आणि समितीच्या टपाल-यादीवर नाव मात्र राहिलं, कारण ते काढायला ठराव लागला असता.

यंत्र आता रोज सकाळी नवनवं आणत होतं. सुनंदाताईंचं म्हणणं एकच होतं: सोमवारी मी जे तपासून पास केलं ते मंगळवारी अस्तित्वातच नसतं, मग मी सही कशाखाली करते? साहेब म्हणत, यालाच प्रगती म्हणतात.

कामणला आमचं एक मोठं गोडाऊन-ग्राहक होतं. तिथली सगळी व्यवस्था भोईर काका बघायचे. त्यांच्याकडे तीन संगणक: फाटकावर, वजनकाट्यावर आणि ऑफिसात. आमच्या माणसाने त्यांच्यावर सॉफ्टवेअर टाकलं ते सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी. म्हणजे नाव एक आणि आतले बांबू तीन तऱ्हांचे. दहा दिवसांनी भोईर काकांचा फोन मी घेतला.

"तुमचा मशीन तीन ठिकानी तीन सांगतो," ते म्हणाले. "फाटकावरचा बोलतो माल आला नाय, काट्यावरचा बोलतो आला, हापिसातला बोलतो गेला पन. आमी कोनाचं ऐकू?"

मी चाचरत विचारलं, की सध्या काय करता.

"मतदान. दोघं बोलतील ते खरं."

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. तीन संगणकांचं बहुमत घेणारं गोडाऊन जिल्ह्यात दुसरं नसेल, असं त्यांचं मत पडलं आणि माहितीपत्रकात घालण्याचाही विचार झाला. पण पुढच्या आठवड्यात बहुमत चुकलं. भाताच्या बियाण्याच्या गोण्या एका नव्या इमारतीच्या बांधकामावर पोचल्या आणि त्यांच्या लाद्या बियाण्याच्या दुकानात. पेरणी तोंडावर आली होती. दुकानदार लाद्यांवर बसून होता, उठायला तयार नव्हता. भोईर काकांच्या मालकाने लेखी खुलासा मागितला आणि भोईर काकांना घरी बसायला सांगितलं.

खुलासा ठरवायला समिती बसली. साहेबांनी मसुदा वाचून दाखवला: 'पूर्वीच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याने राबवलेल्या कालबाह्य आवृत्ती-पद्धतीचे अवशेष राहिल्यामुळे सदर दोष उद्भवला.' अवशेष काहीच राहिले नव्हते. ते मीच पुसले होते. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं आणि सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. इतिवृत्तात नोंद झाली: सर्वानुमते मंजूर. त्याच सभेतला पुढचा ठराव, दोष दुरुस्त करण्यासाठी सदर ज्येष्ठ कर्मचाऱ्याला तातडीने बोलवावे. तोही सर्वानुमते. माझं कायम झाल्याचं पत्र त्या शनिवारी मिळालं. आईने ते देवापाशी ठेवलं.

सर आले. टपाल-यादीवर नाव असल्यामुळे इतिवृत्त त्यांना पोचलेलं होतं. चार घड्या करून शर्टाच्या खिशात होतं. त्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "स्कूटरवर बस. ज्यांच्याकडे आपला जुना मांडव अजून उभा आहे त्यांच्याकडे जाऊ. बांबू मोजू."

तीन दिवस आम्ही फिरलो. वर्षभर ज्यांनी आमच्या माणसाला हात लावू दिला नव्हता अशा ग्राहकांकडे. एक पतपेढी, दोन शाळा, एक औषधांचं दुकान. प्रत्येक संगणकात त्याच्या कामापुरत्या जुन्या लायब्रऱ्या तशाच होत्या. सर आकडा वाचत, मी वहीत लिहीत असे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जमले. नव्या कोठीत पुन्हा यादी केली, त्यावरून मांडव बांधला आणि कामणच्या तिन्ही संगणकांवर एकच टाकला. ते एक बोलू लागले. सर स्वतः गोडाऊनच्या मालकाला भेटले, चूक यंत्राची नव्हती आणि भोईरांची तर नव्हतीच, असं सांगून आले. कुणाची, ते सांगितलं नाही. भोईर काका दुसऱ्या दिवशी कामावर आले.

आकडे मिळाले, पण कारणं कुठल्याच संगणकात नसतात. ती सरांनी मला आठवून सांगितली. चौतीस आठवली. नऊंच्या पुढे त्यांनी लिहायला लावलं: 'कारण होतं. आता आठवत नाही.' सगळ्यांत शेवटी त्यांनी एक जादा ओळ घालायला सांगितली: 'वरचे सर्व आकडे व कारणे मध्यंतरी काढली गेली.' मी ती लिहिली. पुढे नाव आणि कारण यांचे रकाने आले, आणि माझे हात थांबले.

"ते राहू दे रिकामं," सर म्हणाले. "ज्याची ओळ आहे तो लिहील."

मी तेव्हाच लिहायला हवं होतं. ते शेजारी बसले होते. मी म्हणालो, हो सर. ते स्कूटर काढून पापडीला गेले, आणि पुन्हा ऑफिसात आले नाहीत.

ती ओळ आठ महिने रिकामी होती. यादी रोज उघडावी लागायची, त्यामुळे ओळ रोज दिसायची. मी कायम होतो. या काळात साहेबांना दुसऱ्या एका परिसंवादात 'स्थैर्य' हा शब्द मिळाला. फलक बदलला आणि नूतनता समितीचं नाव स्थैर्य समिती झालं, सभासद तेच. खुलासा मात्र फाईलला तसाच राहिला, सरांना दोषी धरून. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली, मला ऐरोलीला नोकरी लागली. गोखिवऱ्यातल्या शेवटच्या दिवशी दुपारी मी यादी उघडली आणि रिकाम्या रकान्यांत लिहिलं: 'नरेश. कारण: मला कायम व्हायचं होतं.' याहून बरं कारण शोधत मी आठ महिने घालवले होते. ते नव्हतं. सुनंदाताईंना ती ओळ दाखवली. त्यांनी वाचली आणि छापून घेतली. सरांना मी स्वतः जाऊन सांगेन, असं ठरवलं. नव्या नोकरीत रविवार मिळत नव्हता, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

पावसाळा संपता संपता सुनंदाताईंचा माझ्या नव्या ऑफिसात फोन आला. त्यांनी आधीही दोनदा केला होता, पण निरोप माझ्यापर्यंत आला नव्हता. इनास सर वारले होते. त्याला अकरा दिवस झाले होते. पोटाचं दुखणं होतं, बरेच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. पापडीच्या चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, मातीही झाली. भोईर काका कामणहून आले होते. साहेबांनी समितीतर्फे हार पाठवला होता.

मग त्या म्हणाल्या की सर जाण्याच्या पंधरवडाभर आधी त्या त्यांना भेटायला गेल्या होत्या आणि तो छापील कागद घेऊन गेल्या होत्या. सरांनी उशीला टेकून बसून, चष्मा लावून ती ओळ वाचली. दोनदा वाचली. मग पेन मागितलं आणि माझ्या नावाखाली स्वतः लिहिलं, आणि हेही यादीत घाल म्हणाले. सुनंदाताईंनी ते दुसऱ्या दिवशी यादीत घातलं. समितीला विचारलं नाही.

काय लिहिलं, मी विचारलं. त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं.

'इनास. कारण: पोराला एकटं बसवून मी चहाला गेलो.'